पास्कलकाकांचा खांदा

"ही खोटं बोलतेय गो, बाय."

पास्कलकाका रोलरवर ठेवलेल्या, मालाने रचलेल्या पॅलेटला उजवा खांदा लावून उभे होते. मे महिन्याची दुपार, साडेबारा वाजलेले, आणि सहारच्या कार्गो तळावरचं काँक्रीट असं तापलेलं, की माझ्या चपलांचे तळवे मऊ पडले होते. समोर आमचं विमान तोंड उघडं टाकून उभं. सत्तावीस पॅलेट आत गेल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. त्यातली ही एक, अगदी शेपटाकडे जायची.

"कोण खोटं बोलतेय, काका?"

"ही पॅलेट. टॅगवर तीन हजार दोनशे चाळीस लिवलंय. मी सांगतो, चार हजाराच्या वर हाय."

मी डोळे मिटून घेतले. आदल्या दिवशी संध्याकाळी कामावर आलेली मी अजून घरी गेले नव्हते. विमान हाँगकाँगहून पाच तास उशिरा आलं होतं, आणि माझ्या जागी येणारा माणूस आजारी. पोटात दोन वडापाव आणि सात कप चहा. अशा वेळी कुणी येऊन म्हणावं की वजन चुकलंय, तर त्याचा गळा दाबावासा वाटतो. पण ते म्हणणारे पास्कलकाका होते.

आमची कंपनी बेल्जियमची, मोसान एअर. दोन भावांनी सत्तरच्या दशकात एका जुनाट पंख्याच्या विमानात कोंबडीची एक दिवसाची पिल्लं भरून आफ्रिकेत न्यायला सुरुवात केली, तिथून ती वाढली. मग जेट आली, मुंबई आली, हाँगकाँग आलं. माणसं न्यायची नाहीत, फक्त माल. कोल्हापूरच्या ओतकामापासून चेन्नईच्या चपलांपर्यंत, आणि एकदा तर पुण्याहून शर्यतीचे चार घोडे. चालत होतं बरं. पण त्या वर्षी थोरला भाऊ वारला, धाकट्याने हात टेकले आणि नोर्दाव नावाच्या ग्रुपने कंपनी गिळली. त्या ग्रुपच्या पोटात अशा तीन विमान कंपन्या होत्या. तिघींच्या शेपट्या एका रंगाने रंगवल्या, आणि मग तिघींची माणसं मोजायला बसले.

माझं काम लोड कंट्रोलचं. म्हणजे कुठलं वजन विमानात कुठे बसवायचं ते ठरवायचं आणि त्याचा कागद करून कॅप्टनच्या हातात द्यायचा. विमान म्हणजे शेवटी तागडीच. शेपटाकडे हजार किलो जास्त गेलं आणि कागदावर ते नसलं, तर उडताना नाक नको तेवढं वर जातं. पुढे काय होतं ते मी कोर्समध्ये फोटोंवर पाहिलं होतं. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

पास्कल क्रियाडो आमचे मुकादम. सहार गावातलेच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. विमानतळ झाला तेव्हा त्यांच्या बापाचं भातशेत त्यात गेलं. "तू उभी हायस ना बाय, तिथं आमची विहीर होती," असं ते नव्या माणसाला हमखास सांगायचे, आणि दर वेळी विहिरीची जागा वेगळी असायची. त्यांच्या हाताखाली अकरा जण, सहार, मरोळ, कोंडिविट्याचे. वय साठीच्या घरात, पण खांदे असे की दारातून आडवे होऊन यावं लागेल.

त्या खांद्याची एक गोष्ट होती. सहा वर्षांपूर्वी एक पॅलेट विमानात चढत असताना काकांनी ती थांबवली. टॅगवर दीड टन, काका म्हणाले तीन. सगळे हसले. विमानाबरोबर चढाईवर देखरेखीला आलेला बेल्जियन लोडमास्टर मात्र हसला नाही, त्याने ती काट्यावर पाठवली. तीन टन शंभर निघाली. पाठवणाऱ्याने मूर्तीचा संगमरवर 'हस्तकला' म्हणून दिला होता आणि शेडमधल्या कुणीतरी न तोलताच आकडा टाकला होता. तेव्हापासून मोसानमध्ये रिवाजच पडला. मुंबईत पॅलेट रोलरवर आली, की आधी पास्कलकाका एकटेच तिला खांदा लावून हातभर ढकलणार. "चल," म्हणाले की चढवायची. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक गावासाठी वैमानिकांना सूचना असतात. पक्षी कुठे असतात, पाणी कुठे तुंबतं असलं काय काय. त्यात मुंबईच्या पानावर शेवटची ओळ होती : वजनाची शंका आल्यास पास्कलला विचारा. काकांनी ते पान झेरॉक्स करून घरी येशूच्या तसबिरीखाली लावलं होतं.

सहा वर्षांत त्यांनी आणखी चारदा पॅलेट थांबवली. चारही वेळा खांदा बरोबर, कागद चूक.

"काका, नीट बघा," मी म्हटलं. "आज थांबवली तर काय होईल, माहिताय ना?"

"म्हाईत हाय गो."

सगळ्यांनाच माहीत होतं. ग्रुपचा माणूस आठवडाभर आमच्यात ठाण मांडून बसला होता. फर्मूलन त्याचं नाव; उंच, सभ्य, आवाज कधी न चढवणारा, आणि म्हणूनच भीती वाटावी असा. सकाळीच त्याने मला सांगितलं होतं, "मिस चुरी, या तिमाहीत मालचढाईमुळे दोन उड्डाणं लांबली. तिसरं लांबलं तर हे काम आम्ही सिंगापूरच्या ठेकेदाराला देऊ. आशियातल्या बाकी सगळ्या ठिकाणी तोच करतो." म्हणजे पास्कलकाका आणि ते अकरा जण घरी. दुसरी गोष्ट वैमानिकांची. ते विमानाच्या जुन्या वेळेप्रमाणे पहाटेच हजर झाले होते आणि त्यांच्या कामाचे तास धावत होते. तीन वाजून पाच मिनिटांच्या आत विमान हललं नाही तर तास संपले, विमान उद्यावर. आणि तिकडे बेल्जियममध्ये तीन दिशांची विमानं एकमेकांसाठी माल घेऊन थांबलेली असतात, त्यातलं एक चुकलं की सगळी वरात चुकते.

"पुन्हा ढकला," मी म्हटलं.

काकांनी पुन्हा खांदा लावला. चेहरा लाल झाला, मानेची शीर वर आली. पॅलेट वीतभर सरकली आणि थांबली. ते तसेच तिच्यावर रेलून राहिले.

"नाय बाय. मी नाय 'चल' म्हननार. तुला पायजे तर तू म्हण."

आता मी काय म्हणणार होते? सहा वर्षं ज्याच्या शब्दावर विमानं उडवली, त्याला आज घड्याळ बघून सांगायचं, की काका, बाजूला व्हा? मी वॉकीटॉकी उचलला आणि म्हटलं, "थांबवा. ही काट्यावर जातेय."

चढवायला आणलेला माल शेडमध्ये परत न्यायचा म्हणजे तीन सह्या आणि दोन शिक्के. मी ट्रॅक्टरच्या मागे त्या पॅलेटबरोबर स्वतः गेले. काका तिथेच थांबले. जाताना मागे वळून पाहिलं तर ते विमानाच्या सावलीत एका रिकाम्या ढकलगाडीवर बसले होते. मला आठवतं, तेव्हा मनात आलं होतं, की काका कधी बसत नाहीत. पण आम्ही सगळेच इतके मेटाकुटीला आलो होतो की कुणी बसलं तर त्यात नवल काय? मलाच त्या ट्रॅक्टरवर डुलकी लागत होती.

काट्यावर पेडणेकर होते. त्यांनी पॅलेट तोलली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तीन हजार दोनशे पस्तीस. पाच किलो कमीच आहे, मॅडम."

"पुन्हा तोला."

"काटा कालच तपासून गेलेत."

"पेडणेकर, हात जोडते. पुन्हा तोला. नाहीतर पलीकडच्या काट्यावर घ्या."

त्यांनी पलीकडच्या काट्यावर घेतली. तीन हजार दोनशे चाळीस. टॅगवर होतं तेच, किलोचाही फरक नाही. मी ती चिठ्ठी हातात धरून उभी राहिले. माझा विश्वासच बसेना. खरं सांगायचं तर मला काकांचा रागही आला. म्हातारपणी हट्ट करायला हाच दिवस सापडला का, असं वाटलं.

विमानापाशी परत आले तेव्हा दोन वाजून गेले होते. काका ढकलगाडीवर नव्हते. ते शेवटच्या, एकोणतिसाव्या पॅलेटपाशी होते. तिच्यात तयार कपडे होते, सगळे मिळून सोळाशे किलो. एरवी ती काकांनी एका हाताने सरकवली असती. काकांचा खांदा तिला लागलेला होता आणि ती जागची हलत नव्हती. बाकीचे अकरा जण पाण्याच्या पिंपाजवळ होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी एकटीच बघत होते.

काकांनी मान वर केली. कपाळावर घाम होता, पण तो उन्हाचा घाम नव्हता. चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ कोरडे पडले होते.

"ही पन जड हाय गो," ते हळू म्हणाले. "आज सगळ्या पॅलेटांना झालंय काय?"

तेव्हा मला कळलं. पॅलेटांना काहीच झालं नव्हतं.

"काय निघालं काट्यावर?" त्यांनी विचारलं.

चिठ्ठी माझ्या मुठीत होती. तिथेच सांगितलं असतं तर झालं असतं. पण काका माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की, देवाशपथ, माझी जीभ उचलली नाही. आपल्या बापाला कुणी सांगेल का, की तुमच्या अंगात आता काही राहिलं नाही?

"पेडणेकरांचा कागद यायचाय," मी म्हटलं. "तुम्ही पाणी प्या आधी."

"खरं काय ते सांग हां, बाय. लपवू नको."

"सांगते. उद्या सांगते."

बाकीच्यांनी दोन्ही पॅलेट आत घातल्या. पण ती परत नेलेली पुन्हा नोंदवून, शिक्के मारून, नवा कागद करून कॅप्टनपर्यंत जायला तीन वीस झाले. कॅप्टनने घड्याळ दाखवलं, खांदे उडवले आणि टोपी घेऊन खाली उतरला. विमान जागेवर राहिलं. सगळी धावपळ एकदम थांबली आणि तेव्हा कळलं की आपले पाय किती दुखतायत.

काका साडेतीनला घरी गेले. नेहमी सगळ्यांना टोमणे मारत जायचे. एकाला म्हणायचे बायको वाट बघतेय, दुसऱ्याला म्हणायचे नाय बघत. त्या दिवशी कुणाशीच काही बोलले नाहीत.

साडेचारला फर्मूलनने मला बोलावलं. टेबलावर विलंबाचा फॉर्म होता. आमच्या धंद्यात विमान उशिरा सुटलं की कारण शब्दांत लिहीत नाहीत, दोन आकड्यांत लिहितात. जगभर तेच आकडे. प्रत्येक आकड्यामागे कुणाचं तरी खातं असतं. बत्तीस म्हणजे मालचढाई, मुकादम आणि त्याची माणसं. एकतीस म्हणजे वजनाचा कागद, म्हणजे मी.

"पॅलेटचं वजन बरोबर होतं," तो म्हणाला. "मी काट्यावर विचारलं. मग बत्तीसच लिहायचं ना?"

त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. तोही आठवडाभर झोपला नसावा. त्याच्या शर्टाच्या कॉलरला घामाची पिवळी रेघ होती.

"नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"कशी?"

"मी खाली रॅम्पवर मुकादमाकडे पाठवलेल्या यादीत या पॅलेटपुढे दोन हजार तीनशे चाळीस लिहिलं होतं. आकडे उलटे पडले. मुकादम यादी बघून ढकलतो. त्याला ती यादीपेक्षा जड लागली, म्हणून त्याने थांबवली. त्याने बरोबरच केलं."

हे मला केव्हा सुचलं, मला माहीत नाही. चोवीस तासांहून जास्त जागं राहिलेल्या माणसाला खोटं फार सफाईने बोलता येतं, एवढं त्या दिवशी कळलं.

"ती यादी आहे?"

"आहे."

नव्हती. मी बाहेर गेले, यादी पुन्हा छापली, त्यात उलटा आकडा टाकला, कोपरा चुरगाळला, त्यावर थोडा चहा सांडला आणि आणून दिली. फर्मूलनने ती बराच वेळ पाहिली.

"मिस चुरी, सप्टेंबरमध्ये प्रशिक्षणाला बेल्जियमला जायच्या यादीत तुमचं नाव आहे. तिन्ही कंपन्यांचा लोड कंट्रोल तिथे एकत्र होणार. त्या यादीतल्या माणसाच्या नावावर एकतीस असून चालत नाही. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"तुमची खात्री आहे?"

"हो."

त्याने एकतीस लिहिलं. मी सही केली. घरी जाऊन आडवी पडले ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठले. प्रशिक्षण गेलं म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त, आपण काहीतरी चांगलं केलं, असं वाटत होतं. छाती थोडी फुगलीच होती म्हणा ना. बारा घरांतली चूल पेटती राहिली आणि काकांची मान वर राहिली.

राहिलं होतं काकांना सांगायचं. आता त्यांना खरं सांगितलं तर ते स्वतःच जाऊन फर्मूलनला सांगतील, की चूक या बाईची नाही, माझी होती. तसा सरळ माणूस. मग माझं सगळंच मुसळ केरात. सकाळी नऊच्या सुमारास त्यांच्या घरी फोन लावला.

"काका, कागद आला पेडणेकरांचा."

पलीकडे श्वास ऐकू आला. "बोल."

"पहिला काटा बिघडलेला. दुसऱ्या काट्यावर चार हजार एकशे निघाले. तुम्ही बरोबर होता."

ते म्हणाले, "खरं?"

"खरं. तुमचा खांदा काय चुकतोय, काका?"

"नि ती दुसरी? कापडाची?"

"तिचंही तसंच. आत धातूची बटणं होती खोकी भरून."

"तरीच," ते म्हणाले. "तरीच गो." आणि असे मोठ्याने हसले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

पुढचे अकरा आठवडे मी एक गोष्ट न चुकता केली. काकांपुढे येणारी प्रत्येक पॅलेट आधी माझ्यासमोर दोनदा तोलून घेतली, कारण त्यांच्या खांद्यावर आता माझा भरवसा नव्हता. आणि त्यांची पाळी असेल तेव्हा जड पॅलेट ते चहाला गेले असताना चढवून टाकायची, हलक्या त्यांच्यासाठी ठेवायची. माझी मीच हुशार. काका खांदा लावायचे, "चल" म्हणायचे. थोडे धापा टाकायचे, मध्येच बसायचे. मी म्हणायचे, ऊन फार आहे. ते म्हणायचे, हो गो, ऊन फार हाय. पुढे उकाडा संपला, तरी आम्ही तेच म्हणत होतो. एकदा मी म्हटलं, "काका, एकदा डॉक्टरला दाखवा ना." ते म्हणाले, "कशाला? तू सांगितलंस ना, मी बरोबर हाय."

ऑगस्टमध्ये, एका रविवारी, चर्चमध्ये मास करून घरी आल्यावर ते ओट्यावर बसले आणि उठलेच नाहीत.

मातीला मी गेले होते, पण गर्दीत काही बोलणं झालं नाही. महिन्याची प्रार्थना झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहार गावात त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको, ब्रिजिताकाकू, एकटीच होती. ठेंगणी, शांत बाई. मला बघून तिने लगेच स्टूल पुढे केलं, चहा ठेवला. येशूच्या तसबिरीखाली ते झेरॉक्सचं पान अजून होतं. मी तिकडे पाठ करून बसले.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं. असल्या वेळी माणसं जे विचारतात ते.

"काळीज कमजोर झालं होतं म्हणे. एकदम नाय, चार-सहा महिने हळूहळू. अंगात बळ राहत नाय, दम लागतो, घाम येतो. वेळेवर आणला असता तर गोळ्यांवर दहा वर्षं काढली असती, असं बोलला." तिने पदराने कपाची कड पुसली. "पण तो कधी काय बोलला नाय बघ. एकदाच बोलला. त्या दिवशी, तुमचं इमान राहिलं ना, त्या दिवशी."

मी कप खाली ठेवला.

"दुपारी आला नि हितंच बसला. जेवला नाय. म्हणाला, ब्रिजित, माझ्या अंगातलं बळ गेलंय बहुतेक. आज कापडाची पॅलेट हलली नाय मला. तीस वर्षांत मी त्याला असा बघितला नाय. मी म्हटलं, उद्या डॉक्टरकडं जायचं. एरवी कुठला ऐकतो? पण त्या दिवशी हो म्हणाला. घाबरला होता गो. सकाळी नऊला निघायचं ठरलं. मी साडी बदलून तयार, यानं चपला घातल्या, छत्री घेतली हातात." ती थोडी हसली. "आणि फोन वाजला. तुझा."

बाहेर कुठलं तरी विमान उतरत होतं. ते जाईपर्यंत ती थांबली. त्या गावात सगळेच तसे थांबतात.

"फोन ठेवला नि कसा हसत सुटला, काय सांगू तुला. म्हणाला, ब्रिजित, काटा बिघडला होता, मी नाय बिघडलो. चपला काढून ठेवल्या. मी म्हटलं, निघालोच हाय तर जाऊन येऊ. म्हणाला, बऱ्या माणसानं कशाला जायचं? आधी बोंबील आण चांगले. मग मीपन म्हटलं, जाऊ दे, मॅडम सांगतेय म्हणजे खरंच असणार. दोन दिवस शेजारपाजारी सगळ्यांना सांगत फिरला, चुरीबायनं फोन करून सांगितलं, माझा खांदा बरोबर निघाला."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं.

"तुझे उपकार हायत गो," ती म्हणाली. "एवढी मोठी ऑफिसातली बाई, पण आठवणीनं फोन केलास. त्यामुळे शेवटचे दिवस त्याचे खुशीत गेले. नाय तर त्या दिवशी जो चेहरा घेऊन आला होता, तसाच गेला असता."

मी नुसती मान खाली घालून बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला वाटलं, मी काकांच्या आठवणीने रडतेय. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "नको रडू, बाय. तू काय करणार होतीस?"